बाभळीची सावली उजवीकडे

शाळू निसवायला लागला की मला टर्पेंटाइनचा वास येतो.

हे मी एकदाच दुसऱ्या कुणाला सांगून बघितलं. भोकरदनहून जालन्याला जाताना बसमध्ये शेजारी आमच्या शाळेतल्या एक बाई होत्या. खिडकीबाहेर नुकती कणसं बाहेर पडत असलेली ज्वारी होती. मी म्हटलं, "वास आला का?" त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं आणि कंडक्टरला हाक मारली, "भाऊ, डिझेल गळून राह्यलंय का, बघा बरं." तेव्हापासून तो वास मी एकटीच घेते.

खरं तर या दिवसांत वासांची काही कमी नसते. मार्गशीर्ष निम्मा सरलेला असतो. हरभऱ्याच्या पानांवर आंब आलेली असते. त्यातून नुसतं चालत गेलं तरी पाय चुरचुरतात आणि तोंडाला पाणी सुटतं. घराघरात तुरीच्या शेंगा उकडत असतात. रानात ज्वारीनं इतके दिवस पोटरीत दडवून ठेवलेलं कणीस हळूहळू बाहेर काढायला घेतलेलं असतं, आधी टोक, मग खांदा, मग सगळंच. आणि या सगळ्याच्या मधोमध, कुठूनही नाही, टर्पेंटाइन.

आज मी शहागडला आत्याच्या बांधावर बसून हे लिहिते आहे. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. समोर ज्वारी, ज्वारीपलीकडे बाभूळ, बाभळीपलीकडे उतार आणि खाली गोदावरी. पाठीमागे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, तो कधी थांबत नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. नाना नाहीत.

नाना म्हणजे माझे वडील. ते पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांचे बोर्ड रंगवणारे. चित्रकार म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "चित्रकाराला कुणी विचारत न्हाई, काम कधी देतो म्हणून," असं म्हणायचे. जालन्यात मस्तगड भागात आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत आम्ही राहायचो आणि पुढच्या खोलीत पत्र्याचे बोर्ड राहायचे. आम्ही त्यांना टीन म्हणत असू. टिनं भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली असायची आणि पाहुणा आला की त्याला पहिली गोष्ट सांगितली जायची ती म्हणजे, टेकू नका.

बोर्ड लिहिण्याची एक रीत होती आणि ती मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. बारीक दोऱ्याला खडू चोळायचा. एक टोक नानांच्या हातात, दुसरं माझ्या. दोरा टिनावर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत उचलायचा आणि सोडून द्यायचा. टण्ण. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. वर एक, खाली एक. त्या दोन रेघांमध्ये नाना अक्षरांची बाहेरची कड काढायचे. डाव्या हातात एक काठी असे, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली; ती पत्र्यावर टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि ब्रश ओढायचा. त्या वेळी ते श्वास धरून ठेवत असत. 'प्रोव्हिजन' मधल्या 'प्रो' ची वरची मात्रा पूर्ण होईपर्यंत घरात कुणी खोकायचं नाही.

आत रंग भरायचं काम माझं. अक्षर त्यांचं, पोट माझं. हात अजून लहान, ब्रश कडेबाहेर जायचाच. मग ते रागवत नसत. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं तर्जनीवर गुंडाळून एकदाच, कडेकडेनं, ओढायचे. बाहेर गेलेलं सगळं पुसून जायचं. "रेघेच्या आत राह्य, माय. बाहेर गेलं की अक्षर सुजतं."

शेवटी सावली. अक्षराला सावली द्यायची ती उजवीकडे आणि खाली. कायम. दुकानाचं तोंड पूर्वेला असो की पश्चिमेला, समोर चिंच असो की भिंत असो. शाळेत तेव्हा नुकताच सूर्याचा धडा झाला होता, म्हणून मी शहाणपणा करून विचारलं, की संध्याकाळी ती दुसऱ्या बाजूला नको का पडायला? नाना हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "सावली उजवीकडंच पडती. डावीकडं देली की बोर्ड उलटा वाटतो."

त्या वर्षांत मी जालन्यातून चालायची ती वडिलांचं अक्षर वाचत चालायची. टेलर, सायकल मार्ट, बी-बियाणं, चष्म्याचं दुकान, दाताचा दवाखाना. प्रत्येक टिनाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सुखदेव पेंटर'. इतर मुलींचे वडील घरी असायचे, माझे सगळ्या गावभर. परीक्षेला जाताना ते नाव दिसलं की बरं वाटायचं, नापास झाल्यावर दिसलं की तेवढंच वाईट वाटायचं.

मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन भोकरदनला गेले. आई गेली. आणि मग गावात फ्लेक्सची मशीन आली.

ते काय होतं हे आज सांगायला नको, आज सगळीकडे तेच आहे. पण तेव्हा पहिल्यांदा ते मेणचट, चकचकीत कापड दुकानांवर चढायला लागलं आणि एकेक टीन खाली उतरलं. लोक वाईट नव्हते. त्यांनी टिनं भंगारात घातली नाहीत. परत आणून द्यायचे. "पेंटर, तुमचं टीन. चांगलं हाय, ठिवा." नाना घ्यायचे, चहा पाजायचे आणि टीन भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मी सुट्टीत यायची तेव्हा पुढची खोली भरत चाललेली दिसायची. नाना त्या टिनांच्या पाठींसमोर खुर्ची टाकून बसलेले. "काय करून राह्यलात, नाना?" "काय न्हाई. बसून राह्यलो." ब्रश धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर. रंगाच्या डब्यांची झाकणं चिकटून बसलेली.

मी चिडायची. फ्लेक्सवर, मशीनवाल्यावर, सगळ्या जालना शहरावर. नववीच्या वर्गाला मी 'फ्लेक्सचे दुष्परिणाम' असा निबंध घातला. निम्म्या वर्गानं लिहिलं की फ्लेक्समुळे गावाची शोभा वाढते आणि वाढदिवस कुणाचा आहे ते लांबूनच समजतं. मी सगळ्यांना कमी गुण दिले. राग काढायला तेवढंच माझ्या हातात होतं.

अशात रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला. निसर्गात जाऊन बसा, कागद घ्या, दिसेल ते काढा, सुचेल ते लिहा, मनावरची जळमटं आपोआप दूर होतात, वगैरे. मास्तर लोकांना अशा लेखांचं फार असतं. मी तो कापला, पर्समध्ये ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत नानांपुढे धरला. त्यांनी तो चष्मा लावून, नीट वाचला. मग म्हणाले, "ठसा चांगलाय. छपाई साफ हाय." तरी मी त्यांना बसमध्ये घातलंच. नानांची थोरली बहीण, माझी गया आत्या, शहागडला शेत राखून होती. बरोबर रंगाचे डबे आणि टपावर सुतळीनं बांधलेली, दुकानांतून परत आलेली टिनं. कंडक्टर म्हणाला, "कुणाचा बोर्ड लावायला चालले, पेंटर?" नाना म्हणाले, "झाडाचा."

ते चेष्टेत म्हणाले होते. पण केलं अगदी तेच.

पहिल्या दिवशी मी त्यांना इथेच, या बांधावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. पुढ्यात टीन, मांडीजवळ डबे. म्हटलं, समोर दिसतंय ते काढा. आणि मी शहाण्यासारखी लांब जाऊन बसले, वहीत काहीबाही लिहीत. अधूनमधून बघायची. त्यांनी आधी टिनाला चौकट केली. लाल. मग चौकटीच्या बरोबर मधोमध बाभूळ उभी केली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. बाभळीला उजवीकडे आणि खाली अशी काळी, जाड सावली दिली. आणि झाडाखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'बाभूळ'.

मला हसू आवरेना. आत्या खुरपं टाकून बघायला आली. ती म्हणाली, "बरं झालं लिव्हलं ते. मला वाटलं पेट्रोल पंप हाय." नाना बराच वेळ आपल्या कामाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खाली पत्ता टाकायचा राह्यला."

त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. 'बाभूळ' मधला 'बा' चा काना खालपर्यंत आलाच नव्हता, मधेच वाकडा होऊन थांबला होता. मला वाटलं, जमिनीवर बसून लिहायची सवय नाही म्हणून.

मग सावलीचा वाद झाला. दुपार कलली होती, खऱ्या बाभळीची सावली केव्हाच डावीकडे गेली होती. मी ती दाखवली. नाना ऐकेनात. शेवटी उठून गेले, सावलीच्या टोकावर एक दगड ठेवला आणि येऊन बसले. आम्ही भाकरी खाल्ली, पाणी प्यालो. परत जाऊन बघतात तो दगड उन्हात पडलेला आणि सावली पार पुढे निघून गेलेली. ते त्या दगडाशी उकिडवे बसले. वय साठीच्या पुढे, जन्म उन्हात गेलेला. पण सगळा शिडीवर, भिंतीकडे तोंड करून. पाठीवर ऊन आणि समोर स्वतःचीच सावली, ती सुद्धा कामात आडवी येणारी. झाडाची सावली चालते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी ते कधी बसून बघितलं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर मात्र त्यांना नाद लागला. सुट्टी संपली, मी भोकरदनला परतले, ते आत्याकडेच राहिले. मी शनिवारी सकाळची शाळा करून बस धरायची, जालन्याला बदलायची आणि ऊन उतरायच्या आत शहागडला पोचायची. दर खेपेला नवीन टीन. सकाळची बाभूळ, सावली उजवीकडे. ही त्यांची आवडती, कारण सकाळी सूर्य पण बोर्डाच्या नियमानं वागतो. दुपारची, सावली पायाशी गोळा झालेली. संध्याकाळची, सावली डावीकडे. ती मला दाखवताना म्हणाले, "उलटं वाटतं. पण खरं हाय." चौकट गेली. नाव गेलं. बाभूळ मधोमधून हलून जरा कडेला झाली आणि तिच्यामागे उतार आला, पाणी आलं.

रंगांची मोठी पंचाईत होती. डब्यांमध्ये दुकानांचे रंग. पोस्टाच्या पेटीचा लाल, टपरीचा निळा, भडक पिवळा, आणि एक हिरवा जो जगातल्या कुठल्याच पानाला नसतो. त्यातून शाळवाचा हिरवा कसा काढायचा? त्या हिरव्यात थोडं दूध आहे, थोडी राख आहे, आणि ढग आला की तो निळा होतो. नाना डब्याच्या झाकणावर रंग कालवायचे, झाकण ज्वारीच्या पानाशी धरायचे, मान हलवायचे, पुन्हा कालवायचे. भर कामात भोरड्यांचा थवा यायचा, सगळं आभाळ एकदम वळायचं आणि कणसांवर उतरायचं. आत्या ओरडत धावायची. एकदा तिला हाताशी काही सापडेना तेव्हा तिनं नानांच्या ढिगातलं एक टीन उचललं आणि काठीनं बडवायला सुरुवात केली. 'न्यू फॅशन लेडीज टेलर' बडवत आत्या ज्वारीतून पळते आहे आणि पुढे भोरड्या उडताहेत. आई गेल्यानंतर नाना मोठ्यानं हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. हसता हसता म्हणाले, "जल्दी पैसे देत नव्हता तो. बडव आणखी."

ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो. तेवढ्यात रान त्यावर येऊन बसतं. फुलोऱ्यातल्या ज्वारीचा पिवळा भुगा, चिलटं, हायवेवरची धूळ. दुकानात असतं तर नानांनी ते पुन्हा घासून काढलं असतं. इथे त्यांनी काढलं नाही. म्हणायचे, "राहू दे. त्याच्याच रानात बसलोय आपण." आणि रंगाचा हात पातळ पडला की खालचं जुनं अक्षर वर यायचं. नदीच्या पाण्यात अस्पष्ट 'किराणा' दिसायचं, आभाळात 'उधार बंद'. मला ते फार आवडायचं. मी मनात म्हणायची, बघ, लेख खरा होता. वडील परत आले.

मी असं समजून चालले होते आणि मग एका रविवारी हरभऱ्याची भाजी खुडताना मी आत्याशी बोलून बसले. नाना लांब बांधावर होते, पाठमोरे. मी म्हटलं, "आत्या, त्या मशीननं खाल्लं गं नानाला. बघ इथं आल्यावर कसे झाले."

आत्याचा हात थांबला. "तुला त्यानं सांगितलं न्हाई?"

"काय?"

"अगं माय, हात आधी गेल्ता. मशीन मागून आली." तिनं ओट्यातली भाजी उगाचच सारखी केली. "कंप सुटला त्याला. दवाखान्यात मीच गेल्ते संगं. डाक्टर म्हणला, गोळ्यानं थोडं दबंल, जाणार न्हाई. वाढतच जाईल. तवा तोच गेल्ता मशीनवाल्याकडं. म्हणला, माझी माणसं येतील, त्यांचं काम बराबर करून दे. एकेकाला त्यानंच लावून देलं तिकडं."

मी भाजी खुडत राहिले. काय करणार? शेंडे मोडायचे, ओट्यात टाकायचे. बोटांना आंब लागली होती आणि मी तशाच बोटांनी डोळे पुसले, त्यामुळे आणखी चुरचुरलं. इतकी वर्षं जपलेला राग एकदम कुठे ठेवायचा ते कळेना. फ्लेक्सवर चिडणं किती सोपं होतं! हातावर कसं चिडायचं? आणि तोही असा हात, ज्यानं माझा हात धरून मला पहिला 'श्री' काढायला शिकवला.

उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आता दिसत होतं. दिसतच होतं, मी बघितलं नव्हतं. काठी पत्र्यावर टेकलेली, काठीवर मनगट, आणि मनगटाखाली काठीसुद्धा हलत होती. पत्र्यावर तिची बारीक टकटक चालली होती. मला तो आवाज इतके दिवस रानातला वाटला होता, कुठल्यातरी किड्याचा. ब्रश बाभळीच्या फांदीवरून चालला होता आणि फांदीला थरथरत काटे फुटत होते, पानं फुटत होती. इतकी बारीक, इतकी जिवंत पालवी मी कुणाच्या चित्रात पाहिली नव्हती. ती त्यांनी काढली नव्हती. ती हातानं काढली होती.

"नाना, मला कामून नाही सांगितलं?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. "काय सांगू? हात हालून राह्यला म्हणून? सांगितल्यानं थांबणार हाय का?"

मी त्यांच्याशेजारी बांधावर टेकले. मग तेच म्हणाले, "झाडाचं बरं असतं बघ. रेघ हालली तरी झाड झाडच राह्यतं. 'किराणा' हालला की लोक म्हणतेत, पेंटर पिऊन आल्ता."

त्या वाक्यावर मी हसले आणि लगेच मला रडू आलं. त्यांनी ब्रश दुसऱ्या हातात घेतला, पहिला हात मांडीखाली दाबून बसले आणि नदीकडे बघत राहिले. पाणी उतरत चाललं होतं, मधली रेती उघडी पडायला लागली होती. एक बगळा अर्धा तास एकाच जागी उभा होता. तो अजिबात हलत नव्हता, याचासुद्धा मला त्या दिवशी राग आला.

पुढचे शनिवार मी त्याच बसनं आले, पण डोळे वेगळे घेऊन आले. आता मला टिनांवर रान दिसेना, कंपच दिसायचा. पहिली बाभूळ, चौकटीतली, तिचं खोड सरळ होतं. मग प्रत्येक खेपेला खोड जरा जास्त गाठाळ, जरा जास्त खरं. चित्र चांगलं होत चाललं होतं आणि माणूस हातातून निसटत होता. त्यात माझं काहीही चालत नव्हतं. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळी बदलली. गोळीनं हात थोडा थांबायचा, पण मग नानाच थांबायचे. बांधावर बसून झोपल्यासारखे, ब्रश कोरडा. "ही नको, माय. हिच्यानं बाभूळ लांब जाती." कधी गोळी खायची आणि कधी नाही हे शेवटी ते बाभळीला विचारून ठरवायला लागले.

पुरवणीतल्या त्या लेखाचं कात्रण अजून माझ्या पर्समध्ये होतं. एके दिवशी बसमध्ये मी ते पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, जळमटं जात असतील. पण रान कुणाला बरं करायला बसलेलं नसतं. शाळू आपला निसवतो, फुलोऱ्यात येतो, हुरड्यात येतो, त्याला वेळ असतो तो दाण्यासाठी. त्यानं नानांना बसू दिलं. हलतो तसा हात घेऊन बसू दिलं आणि त्याला नाव ठेवलं नाही. त्याहून जास्त मी मागत होते, पण मागायचं कुणाकडे हेच माहीत नव्हतं.

संक्रांत झाली. दाणा टणक झाला, पलीकडच्या रानात करडई पिवळी झाली. मी आले तेव्हा नाना एक वाळलेलं टीन समोर ठेवून बसले होते. सकाळची बाभूळ, सावली उजवीकडे. ढिगातलं सगळ्यात चांगलं.

"नाव टाकायचं राह्यलं," ते म्हणाले.

खरंच, एवढ्या टिनांपैकी एकावरही कोपऱ्यात नाव नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"बाकीच्यांना नको. हिला पाह्यजे. तू आख, मी भरतो."

मी जन्मात कधी अक्षर आखलं नव्हतं. ते त्यांचं काम होतं, अक्षराचं पोट भरणं माझं. पण त्यांनी दोऱ्याला खडू चोळायला घेतला होता, खडू दोनदा मातीत पडला. दोरा लावायची वेळ आली. माझं टोक मी धरलं. त्यांचं टोक पत्र्यावर ठरेना. दोरा सारखा शहारत होता, असा सोडला असता तर एकाच्या जागी चार रेघा उमटल्या असत्या. त्यांनी डावा हात लावून बघितला. मग वाकले, टिनाच्या कडेशी तोंड नेलं आणि दोरा दातात धरला. डोळ्यांनीच मला खूण केली. मी चिमटीत उचलून सोडला. टण्ण. रेघ सरळ आली.

दोन रेघांमध्ये मी 'सुखदेव पेंटर' आखलं. त्यांची काठी टेकवून, त्यांच्यासारखा श्वास धरून. 'मस्तगड' लिहू का म्हणून विचारलं तर मान हलवून नको म्हणाले. मग ब्रश त्यांच्या हातात दिला. ते भरायला लागले. रंग 'सु' च्या आत गेला, बाहेर गेला, खालच्या बाभळीच्या मुळांवर गेला. उकार कुठला आणि डाग कुठला ते कळेना. त्यांनी घाई केली नाही. एकेक अक्षर पूर्ण केलं, शेवटच्या 'र' पर्यंत. कपाळावर घाम आला होता. मग ब्रश खाली ठेवला आणि टर्पेंटाइनचं फडकं माझ्यापुढे केलं.

"बाहेर गेलंय. पूस."

"राहू द्या ना, नाना. छान दिसतंय."

"छान न्हाई ते." आवाज चढला. "बिलकुल न्हाई. नाव हाय ते, झाड न्हाई. जल्दी पूस, सुकून राह्यलं."

मी फडकं तर्जनीवर गुंडाळलं. माझ्या मनात नव्हतं. कडेकडेनं, एकदाच, प्रत्येक अक्षराभोवती ओढलं. बाहेर गेलेलं सगळं पुसून गेलं. खाली बाभळीचा रंग पक्का वाळलेला, त्याला काही झालं नाही. नानांनी मान तिरकी करून बघितलं, कितीतरी वेळ. चेहरा असा झाला होता, की जालन्यातलं एखादं मोठं दुकान आत्ताच उघडतंय आणि वर यांचा बोर्ड आहे.

"आता बराबर झालं," म्हणाले.

पुढच्या शाळवाला ते बांधापर्यंत चालत येऊ शकले नाहीत. आत्यानं ओसरीत खाट टाकली, तिथून नुसता बाभळीचा शेंडा दिसायचा. त्याच्या पुढच्या शाळवाला तोही बघायला ते नव्हते.

ते टीन आत्याच्या ओसरीत आहे. आत्या आता थकली, रानात येत नाही, पण पाहुण्याला ते दाखवल्याशिवाय सोडत नाही. पाहुणे नाव वाचतात आणि हमखास म्हणतात, काय सरळ हात होता हो पेंटरचा! आत्या माझ्याकडे बघते, मी चहाचे कप उचलते. काय सांगायचं? तो सरळ हात माझा आहे. त्यांचा मी फडक्यानं पुसला, त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच देखत. त्यांचा हात हवा असेल तर वर बघावं लागतं, बाभळीत. मी अगदी जवळ जाऊन बघते. फांदीला काटे फुटताना दिसतात. एका जागी रंगात चिलटाचा पंख चिकटलेला आहे, तो अजून आहे.

आता ऊन डावीकडून येतंय, म्हणजे सकाळ अजून आहे. सावली उजवीकडे. लिहिलेला कागद मी खाली घेतला आणि कोऱ्यावर बाभूळ काढायला बसले आहे, दरवर्षी बसते तशी. खोड काढलं, फांदी काढली. सरळ आली. खोडून पुन्हा काढली, पुन्हा सरळ. मग मुद्दाम हात हलवून बघितला.

तसं येत नाही.